लाल बटण दाबल्यानंतर

बाई, माझं सगळं बदललं ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सेमिनारच्या खोलीत. सरांनी सांगितलं की आपल्यातली एक जण सप्टेंबरात ब्रसेल्सला चाललीये, युरोपियन पार्लमेंटमध्ये, एका आयरिश खासदाराच्या ऑफिसात सहायक म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघतच नव्हती. ती वळून माझ्याकडे बघत होती, मी हसतोय का ते. आणि मी म्हणालो, "अभिनंदन तिच्या पासपोर्टचं करा. इंटरव्ह्यू त्यानेच दिलाय." हे मी इंग्रजीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना नीट कळेल असं. टाळ्या थांबल्या. ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "तू असा बोलला? तू?" तिचं मराठी असंच आहे, वडिलांकडून ऐकून शिकलेलं, कडेकडेने मोडलेलं. मी बॅग उचलून निघालो. शुक्रवारपर्यंत कॉलेज सोडल्याचा फॉर्मही भरून टाकला. शेवटचं वर्ष संपायला चार महिने राहिले होते. कोणी विचारलं की मी सांगायचो, असल्या डिग्रीचं काय लोणचं घालायचंय? खरं म्हणजे त्या खोलीत परत जाऊन तिच्यासमोर बसायची माझी छाती नव्हती.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला लागलो की मी वाद घालायला लागतो आणि जर्मनमध्ये मला अजून तुमचीच वाक्यं सुचतात, माझी नाही. शनिवारची सकाळ आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. खिडकीतून तुमची बाग दिसते. म्हणजे आता ती एका पोलिश जोडप्याची आहे, त्यांनी तिथे मुलांसाठी ट्रॅम्पोलिन लावलंय. हीथ्रोला उतरणारी विमानं एकामागून एक ढगांतून खाली येतायत, इतकी सावकाश, की त्यांना कुठे पोचायचंच नाहीये असं वाटतं. असं बराच वेळ बघत बसलं की भिंतीपलीकडे तुमचं स्वयंपाकघर अजून चालू आहे असं वाटायला लागतं. रेडिओ पुटपुटतोय, केटलला उकळी येतेय, आणि तुम्ही कुठल्याशा कपाटात डोकं घालून मला विचारताय, "मग, हेर कोलेगे, आज कुणावर चिडलात?"

मी बारा वर्षांचा होतो. बाबांच्या नोकरीमुळे पुण्याहून लंडनजवळच्या स्लाऊला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. मागच्या बागेत बाबांनी मला पायचीत दिलं आणि मी बॅट भिरकावली. ती कुंपणावरून थेट तुमच्या टोमॅटोच्या काचघरावर गेली. आईने एका हाताने माझा कान आणि दुसऱ्या हातात पोह्यांचा डबा असं धरून मला तुमच्या दारात उभं केलं. तुम्ही मला टेबलाशी बसवलंत, अंडी उकडायचं घड्याळ समोर ठेवलंत आणि म्हणालात, "एक मिनिट. बोला. मग माइक बंद." मी बोललो. चेंडू कुठे पडला, किती वळला, बाबांना नियम कसे माहीत नाहीत, सगळं. घड्याळ वाजलं तेव्हा माझा चेंडू अजून स्टंपांपर्यंत पोचायचा होता. तुम्ही बोट वर केलंत. "धन्यवाद, हेर कोलेगे. काचेबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत." मागाहून कळलं की जर्मनीत खासदार एकमेकांना असंच म्हणतात, सहकारी महाशय, आणि ज्याला नदीत बुडवावंसं वाटतं त्यालाही तसंच म्हणावं लागतं. आणि तुमच्या त्या मोठ्या पार्लमेंटात बहुतेकांना बोलायला खरंच एकच मिनिट मिळायचं. दोन दिवसांनी तुम्ही आईचा डबा सफरचंदाचा केक भरून परत आणलात. आई खूश. "बघा, डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे या जर्मन बाईलासुद्धा कळतं. आणि तुमची बहीण..." बाबांनी पेपर वर केला. तेव्हापासून घरात तुमचं नाव 'जर्मन बाई' आणि माझ्यापुरतं नुसतं 'बाई'. दर बुधवारी शाळा सुटली की मी जर्मन शिकायला तुमच्याकडे.

तुमची कारकीर्द मला त्या टेबलाशी तुकड्यातुकड्यांनी कळली, कधीच क्रमाने नाही. ऱ्हाइनकाठच्या गावात तुमचं औषधांचं दुकान होतं. पुलापलीकडे फ्रान्समध्ये कामाला जाणाऱ्या बायका रोज सीमेवर ताटकळत उभ्या राहायच्या, त्यांच्यासाठी म्हणून तुम्ही पहिल्यांदा गावच्या कौन्सिलला उभ्या राहिलात. पक्ष लिबरल, छोटा, पिवळ्या पोस्टरांचा. डावे म्हणायचे हा शेठजींचा पक्ष, उजवे म्हणायचे यांना देशाची पर्वा नाही. "दोन्ही कान सारखेच लाल झाले की समजायचं आपण मधे उभे आहोत," असं म्हणून तुम्ही हसायचात. तिथून युरोपियन पार्लमेंटात. पण तुमच्याकडे तेव्हा नियम होता की देशभरात पाच टक्के मतं पडली नाहीत तर पक्षाला एकही जागा नाही. पाच वर्षांनी एका रविवारी पक्ष पाचाच्या खाली घसरला, आणि तुमचं काहीही चुकलेलं नसताना तुमच्या दारावरची पाटी निघाली. त्यानंतर दहा वर्षं तुम्ही परत औषधं विकलीत आणि दर शनिवारी बाजारात पक्षाची पिवळी छत्री उभारून तिच्याखाली उभ्या राहिलात. "दहा वर्षं?" मी ओरडलोच होतो. "मी असतो तर छत्री मोडून फेकून दिली असती." तुम्ही म्हणालात, "त्याचं असं आहे, पाऊस आला की लोक छत्रीखाली येतात. थोडं बोलणं होतं." मग पन्नाशी उलटल्यावर तुम्ही परत निवडून आलात.

तुमच्या घरात शिरल्याशिरल्या पॅसेजमध्ये ती ट्रंक होती, आठवते? दर महिन्याला अख्खं पार्लमेंट चार दिवसांसाठी ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जायचं, प्रत्येकाच्या खोलीबाहेर एक ट्रंक ठेवलेली असायची, आपण कागद भरायचे आणि ती लॉरीतून पुढे जायची. निवृत्त होताना तुम्ही ती परत केली नाहीत आणि त्यांनीही मागितली नाही. मी तिच्यावर बसून बूट काढायचो. बूट काढता काढता तुमच्या नवऱ्याचा फोटो दिसायचा. ते इंग्रज दुभाषी. काचेच्या केबिनमध्ये बसून तुमची भाषणं इंग्रजीत सांगायचे. तुम्ही त्यांना कितीतरी वर्षं पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. तुम्ही सांगितलंत, एकदा इंग्लिश ऐकायची सवय व्हावी म्हणून तुमच्याच भाषणाची टेप तुम्ही लावलीत, आणि लक्षात आलं, या माणसाच्या तोंडी माझं म्हणणं माझ्यापेक्षा शहाणं वाटतंय. म्हणून बघायला गेलात, आणि पुढे निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर इथे स्लाऊला आलात. मी तेव्हा चौदाचा होतो, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. कोणीतरी काचेमागे बसून आपलं बोलणं आपल्यापेक्षा बरं करून सांगतंय. याहून मोठं प्रेम असू शकतं असं मला अजूनही वाटत नाही.

त्याच वर्षी इथे सार्वमत झालं, ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर. अख्ख्या गल्लीत ते युरोपचं पार्लमेंट आतून पाहिलेल्या तुम्ही एकट्या, आणि जर्मन नागरिक म्हणून तुम्हालाच मत नव्हतं. निकालाच्या सकाळी मी शाळेचा युनिफॉर्म घालून तुमच्याकडे धावत आलो. तुम्ही चेरीच्या बिया काढत होतात, हात कोपरापर्यंत लाल. मी म्हणालो, समोरच्या घराच्या खिडकीत 'लीव्ह'चं पोस्टर आहे, मी त्या खिडकीचं काय करतो बघाच. तुम्ही म्हणालात, "त्या घरातला माणूस दर गुरुवारी माझे कचऱ्याचे डबे रस्त्यापर्यंत ओढून नेतो. मी त्याला केक द्यायला निघालेय. तुम्ही केक धराल की दगड?" मी केक धरला. त्या माणसाने दार उघडलं, तुम्हाला पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "ते तुमच्याबद्दल नव्हतं हो, बाई." तुम्ही म्हणालात, "माहीत आहे. माझा कोणी विचारच केला नाही, तेच तर." आणि मग त्याच्या पाठदुखीची चौकशी केलीत. परत येताना रस्ता ओलांडताना तुम्ही माझा हात धरलात. आधारासाठी धरलात असं मला वाटलं होतं.

पण हे सगळं मी एका गोष्टीभोवती घिरट्या घालत लिहितोय. ती तुम्ही मला शेवटच्या हिवाळ्यात सांगितलीत. मी शाळेत एका पोराचं नाक फोडून आलो होतो आणि म्हणत होतो, त्याने आधी सुरुवात केली. तुम्ही गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसला होतात. म्हणालात, नर्सांची पदवी सगळ्या देशांत धरली जावी यासाठी एक कलम होतं, तुमचं स्वतःचं. तीन वर्षं तुम्ही त्यासाठी माणसं गोळा केलीत, एकेकाच्या हातापाया पडलात. मतदानाच्या तासाला कलमं भराभर मताला येतात, समोर बसलेला पक्षाचा माणूस अंगठा वर किंवा खाली करून दाखवतो आणि आपण बटण दाबायचं. तुमचं कलम आलं त्याच वेळी मागच्या बाकावरून तुमच्याच पक्षाचा एक जण म्हणाला, "औषधवाल्या बाईंचा आज सेल दिसतोय." तुम्ही गर्रकन वळलात, त्याला तोंडावर उत्तर दिलंत, बोट तेवढ्यात बटणावर गेलं. लाल. तुमचं स्वतःचं कलम, आणि ते एका मताने पडलं.

मी विचारलं, "मग? परत घेतलं मतदान?" नाही. तिथे पद्धत अशी, की चुकीचं बटण दाबलं तर खासदार जाऊन सांगू शकतो, माझं मत खरं तर हिरवं होतं. ते कामकाजाच्या इतिवृत्तात लिहितात. नाव, आणि नावापुढे खरं मत. निकाल तोच राहतो. तुम्ही सगळ्या सभागृहाच्या डोळ्यांदेखत पायऱ्या उतरून गेलात आणि ते लिहून घ्यायला लावलंत. "आणि तो मागचा माणूस? त्याच्यामुळे झालं असं लिहिलं का?" तुम्ही म्हणालात, "तिथे कारण लिहायला जागा नसते, हेर कोलेगे. फक्त नाव आणि मत." मला इतका संताप आला. मी म्हणालो, मग उपयोग काय त्याचा? तुम्ही खिडकीकडे बघत होतात. "उपयोग काहीच नाही. पण ते खरं आहे." ते कलम पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर मंजूर झालं तेव्हा तुम्ही इथे स्लाऊमध्ये टोमॅटोला पाणी घालत होतात. ही गोष्ट सांगितलीत त्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात तुम्ही गेलात.

कॉलेजात ती मला भेटली ती जर्मनच्या वर्गात. वडील नागपूरचे डॉक्टर, आई आयरिश, त्याच हॉस्पिटलात नर्स. ती वेम्बलीला राहते. मेट्रोपॉलिटन लाइनने तिला घरी सोडायला जायचं निमित्त करून मी तिला तुमच्या गोष्टी सांगायचो, ट्रंकेची, छत्रीची, केबिनमधल्या आवाजाची. ती म्हणायची, "परत सांग ना तो छत्रीचा गोष्ट." सांगता सांगता तिचं स्टेशन मागे पडायचं, मग आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरून पलीकडच्या फलाटावर उभे राहायचो, आणि मला वाटायचं की गाडी आलीच नाही तर किती बरं. आम्ही दोघांनी ब्रसेल्सला जायचं, हे आम्ही त्या फलाटावर ठरवलं. मी दुभाषी होणार, ती राजकारणात जाणार, मी काचेमागून तिचं बोलणं सांगणार. मग अर्ज आले. सहायकाच्या नोकरीला युरोपातला पासपोर्ट लागतो. तिच्याकडे आईमुळे मिळालेला आयरिश होता. माझा पूर्वी भारताचा होता तेव्हा निळा होता, आता ब्रिटनचा आहे तोही निळाच, आणि दोन्हींचा तिथे सारखाच उपयोग. तिने चार इंटरव्ह्यू दिले, बाई. रात्र रात्र जागून ती नर्सांच्या पदव्यांबद्दल वाचत होती, कारण तिच्या आईला इथे आल्यावर परत परीक्षा द्याव्या लागल्या होत्या आणि कारण ते मी सांगितलेलं तुमचं कलम होतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी तो पासपोर्ट तिच्या तोंडावर मारला, तोही तिच्या आईकडून आलेला.

त्यानंतर सात महिने मी ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका वेअरहाऊसमध्ये खोकी स्कॅन करतोय. काम वाईट नाही. हात आपोआप चालतात आणि डोकं कुठेही जातं. कानाला हेडसेट असतो, त्यात एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगत असतो, कुठलं कपाट, कितवा खण. कधीकधी दुपारी ऊन छताच्या पत्र्यातून खाली उतरतं आणि तुमच्या पार्लमेंटची ती अर्धवर्तुळाकार खोली दिसायला लागते, मी कधीही न पाहिलेली. बाकावर ती बसलेली असते, मी केबिनमध्ये. तिचे ओठ हलतात आणि मला आवाज येतो तो कपाटाच्या नंबरांचा. मी तिला पत्रं लिहिली. सहा. चार चार पानांची. त्यात सगळं होतं, मला कसं वाटलं, मीच कसा मागे राहिलो, या देशाने कसं केलं, सरांनी त्या दिवशी मला आधी सांगायला हवं होतं. एकही पाठवलं नाही. परवा ती सगळी काढून वाचली तेव्हा दिसलं की त्या चोवीस पानांत 'मी म्हणालो ते खोटं होतं' हे वाक्य कुठेच नाहीये.

गुरुवारी तिच्या वडिलांचा फोन आला. "अरे, आहेस कुठे तू? कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आम्हालाही सोडलंस होय रे?" मी काहीतरी पुटपुटलो. "ते काही नाही. शनिवारी बाराला जेवायला यायचं. मंगळवारी चाललीये ती. तिचे सगळे कॉलेजवाले येतायत, आणि मी मसालेभात करतोय. ही पोरं चमच्या चमच्याने खातात रे, पातेलं संपवणारं कोणीतरी पाहिजे." त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तिने घरी सांगितलंच नव्हतं, सात महिने. मी म्हणालो, "काका, तिला विचारलंत का?" फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला, मग लांबून काहीतरी बोलणं. मग काका म्हणाले, "ती म्हणते, यायचं तर ये. आता हे काय उत्तर झालं? भांडलात की काय?" मी म्हणालो, "मी भांडलो, काका. ती नाही." त्यावर ते म्हणाले, "बरं. भूक घेऊन ये मग."

सकाळपासून आई तीनदा डोकावून गेली. "काय लिहितोयस एवढं? जाणार आहेस, की टेबलाला मुंग्या लागेपर्यंत बसणार आहेस?" मग परत येऊन, "आणि तो वेअरहाऊसचा शर्ट घालून जाऊ नकोस, लोकांना वाटेल पार्सल आणलंय." मी हसलो, पण जागचा उठलो नाही. कारण तिला एकटीला गाठून, बागेत नेऊन, हळूच सॉरी म्हणणं मला जमेल. ते मी शंभरदा मनात करून पाहिलंय, त्यात ती शेवटी रडते आणि मीही. पण मी बोललो होतो ते सगळ्यांसमोर. तेच सगळे आज तिथे पातेल्याभोवती बसलेले असतील. तेव्हा तिथेच उभं राहून, इंग्रजीत, सांगायचं की त्या मंगळवारी मी जे म्हणालो ते खोटं होतं, ही नोकरी तिने कष्टाने मिळवली आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. एवढंच. पुढे 'पण' नाही. माझं काय झालं, मला किती लागलं, यातलं काही नाही. तिच्या आई-वडिलांना सगळं तिथेच कळेल, काकांचा हात डावावर तसाच राहील. त्यानंतर ते मला पातेलं संपवू देतील की नाही, देव जाणे. आणि ती मंगळवारी जाणारच आहे. ती तिकडे, मी इकडे, यात माझ्या एका वाक्याने काही फरक पडणार नाही, हे मला पक्कं कळलंय.

असं मी आत्ता लिहिलं खरं. पण बाई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला ते अजिबात कळलेलं नाही. मी सकाळपासून दोनदा दाढी केलीये. निळा शर्ट इस्त्री केलाय, तिला आवडायचा तो. आणि या सगळ्या शहाणपणाच्या खाली कुठेतरी मला अजून वाटतंय की मी बोलून खाली बसेन आणि ती वळून माझ्याकडे बघेल.

साडेदहा झाले. आईने मसालेभातावर घालायला म्हणून ओल्या नारळाचा डबा भरून ठेवलाय, तो न विसरता घेतलाय. हा कागद इथेच टेबलावर राहू दे, आईने वाचला तर वाचला. बूट घातलेत. निघतो, बाई. जाताना दार ओढून घेईन.